नाव सांग, गाव सांग, उतर

टी. एन. सर माइक नखाने तपासायचे. एरवी कुणाच्याही हातात माइक आला की तो ‘हॅलो, हॅलो’ सुरू करतो. सर जाळीवर नखाने दोन टिचक्या मारत, कर्ण्यातून टक टक ऐकू आलं की मान हलवत आणि माइक जवळच्या पोराच्या हातात देऊन बाजूला होत. मी शाळेत रुजू झाले त्याच आठवड्यात हे पाहिलं होतं. त्यात पाहण्यासारखं काही आहे, हे कळायला मात्र मला बरीच वर्षं लागली.

आमचं गाव सावद्याजवळ, चारी बाजूंनी केळीच्या बागा. धड गाव नाही, धड शहर नाही, पण हायस्कूल दांडगं. मी मूळची धुळ्याची, लग्न होऊन या गावात आले, विज्ञान शिकवते. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये कसल्याशा गोंधळात माझ्या तोंडून माहेरच्या बोलीतलं ‘काय शे?’ निघून गेलं आणि कोपऱ्यातून आवाज आला, “या ताई, धुळ्याहून आल्या वाटते!” ते टी. एन. सर. तेव्हापासून मी त्यांची ताई झाले. त्यांचं पूर्ण नाव त्र्यंबक नारायण चौधरी. आमच्याकडे चौधरी इतके की नुसती ‘चौधरी सर’ अशी हाक मारली तर निम्मी स्टाफरूम उठून उभी राहावी. म्हणून सगळे आद्याक्षरांवर चालतात.

सर भूगोल शिकवायचे, पण त्यांचा जीव होता उपक्रमांत. वृक्षारोपण, खो-खोच्या स्पर्धा, भुलाबाई, स्नेहसंमेलन, आनंद मेळावा, दहावीचा निरोप, सगळं त्यांच्याकडे. मला त्याचा राग यायचा. ऐन प्रकाशाचं अपवर्तन चालू असताना दारात सरांचं डोकं दिसायचं. “ताई, दोन पोरं द्या नं, कनात बांधाची हाये.” दोन म्हणून पाच न्यायचे. माझा अभ्यासक्रम मागे पडायचा आणि कनात तरीही वाकडीच असायची.

त्यांचा एक नियम होता. शाळेतल्या प्रत्येक पोराने वर्षातून एकदा तरी मैदानातल्या सिमेंटच्या ओट्यावर चढून माइकवर बोललंच पाहिजे. बातम्या वाच, सुविचार सांग, नाटकात दरवान हो, काहीही कर. एप्रिलमध्ये परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की सगळी शाळा मैदानात बसवायची आणि सर ओट्याच्या पायरीशी उभे राहून विचारायचे, “कोन ऱ्हायलं?” माइक नाही, काही नाही. राहिलेली पोरं लाजत हात वर करायची. मग त्यांना रांगेने चढवायचं. पोरगं वर जाऊन थरथरायला लागलं की सर खालून हळूच सांगायचे, “नाव सांग, गाव सांग, उतर. झालं!” पोरगं नाव सांगायचं, गाव सांगायचं, उड्या मारत उतरायचं. टाळ्या सगळ्यांना सारख्या. दरवर्षी राज्य पातळीवर निबंध लिहिणाऱ्या मुलीला जेवढ्या, तेवढ्याच त्यालाही.

वर्षाची सुरुवात ते जूनमध्ये सुट्टीतल्या वाढदिवसांनी करायचे. एरवी ज्याचा वाढदिवस असेल त्याला परिपाठाला ओट्यावर बोलावून शुभेच्छा देतात, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत जन्मलेल्या पोरांना हे सुख कधीच नाही. म्हणून शाळा उघडली की पहिल्या दिवशी त्या सगळ्यांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करायचं, ओट्यावर चढवायचं आणि हातावर गोडी शेव ठेवायची. शेव सर स्वतः बाजारातून आणायचे. ही रांग फार लांब व्हायची, कारण आमच्याकडे एक जूनला जन्मलेल्यांचा नुसता सुकाळ आहे. पोराला पहिलीत घालायला आईबाप यायचे, तारीख माहीत नसायची, गुरुजी एक जून टाकून मोकळे व्हायचे. हल्ली दवाखान्यात बाळंतपणं होतात म्हणून हे कमी झालंय, पण वरच्या पाड्यांवरून येणाऱ्या पोरांत अजून एखाददुसरं सापडतंच. जुन्या स्टाफमध्ये तर विचारूच नका.

सर स्वतः एक जूनचेच. मी एकदा म्हटलं, “मग तुम्ही का उभे राहत नाही रांगेत?”

“ते तारीख माही नही ताई, गुरुजींची हाये.”

“मग तुमची कोणती?”

“मायले इचारलं होतं. माय म्हने, तू झाला तव्हा केळीची कापनी चालू होती.” आणि सर हसायला लागले. मला हसण्याचं कारण कळायला जरा वेळ लागला. कापूसवाल्या धरणगावकडच्या माणसाला मायने असं सांगितलं असतं तर महिना तरी कळला असता. आमच्या गावात केळीची कापणी बारा महिने चालते.

मी सांगतेय ते त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. एक जूनची तारीख म्हणजे सेवानिवृत्ती मेअखेर, भर सुट्टीत. त्या वर्षी जूनच्या रांगेत नसीम तडवी नावाची नववीतली मुलगी उभी राहिली नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून यायची, गावात मामाकडे राहायची. लाजरी वगैरे अजिबात नव्हती. खो-खोची पट्टीची खेळाडू, मैदानाच्या या टोकावरून ओरडली की त्या टोकाचा कावळा उडायचा. तिने सरांना सरळ सांगितलं, “सर, माही बी तारीख खोटी हाये. माय म्हनते तू थंडीत झाली. तुमी चढत नही, मंग मी काहून चढू?”

सगळी शाळा ऐकत होती. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “बरं, वाढदिवसाले नको चढू. दुसऱ्या कशाले तरी चढ.”

“तुमी चढसान तव्हा चढीन.”

आणि पोरगी शब्दाला पक्की निघाली. तिचं भांडण ओट्याशी नव्हतंच. नियम सगळ्यांना असेल तर सरांना का नाही, एवढंच तिचं म्हणणं. ते तिने वर्षभर सोडलं नाही. स्वातंत्र्यदिनाला समूहगीतात ती होती, पण पायरीच्या खाली उभी राहून गायली आणि वरच्या सगळ्यांपेक्षा तिचाच आवाज मोठा. तालुक्याला आमच्या मुलींनी खो-खो जिंकलं, तेव्हा मुख्याध्यापिका भारंबे मॅडम पदक घेऊन ओट्यावर उभ्या आणि ही खाली. मॅडमचे गुडघे दुखायचे. तरी बिचाऱ्या कमरेत वाकल्या आणि वरूनच पदक तिच्या गळ्यात टाकलं. पोरं खिदळली, मीही हसले. सर हसले नाहीत.

“एक ऱ्हायलं तर नियम कसला ताई?” ते मला म्हणाले. “पुढल्या वर्षी दहा म्हनतीन, नसीमले सोडलं, आमाले बी सोडा.”

“मग चढा ना एकदा! दोन मिनिटांचं काम.”

“मशीन कोन पाह्यीन?” असं म्हणून ते अँप्लिफायरकडे वळले. मशीन म्हणजे एक जुनाट डबा. त्याच्यापासून हातभर लांब गेलं तरी शिट्टी मारतो, असं सर सांगायचे आणि आम्ही ते खरं मानत होतो.

मग भुलाबाई आली. आमच्याकडे भाद्रपदापासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखायचा खेळ असतो. प्रत्येकीने झाकलेल्या डब्यातून खाऊ आणायचा आणि बाकीच्यांनी वास न घेता, डबा न उघडता, नुसता हलवून ओळखायचा. शाळेच्या भुलाबाईत सरांनी पोरांनाही खेळायला लावलं होतं. आधी नाकं मुरडणारी पोरं आता डबे हलवण्यात मुलींच्या पुढे असतात. त्या कोजागिरीला सर स्वतः एक डबा घेऊन आले आणि नसीमसमोर ठेवला.

“हे पाह्य. तुले ओळखता नही आलं तर तू चढजो. आलं तर मी चढीन.”

सगळी शाळा गोळा झाली. सर भलतेच खुशीत होते. मला कानात सांगून गेले, “डब्यात केळं हाये. केळं कोन सांगीन? या गावात कोनी पाहुन्यालेबी केळं देत नही. यायच्या डोक्यातच येनार नही.”

त्यांचं गणित बरोबर होतं. पोरांनी शेव म्हटलं, बालुशाही म्हटलं, खोबऱ्याची वडी म्हटलं. नसीमने डबा एकदाच हलवला आणि खाली ठेवला. “केळं.”

सरांचं तोंड पाहण्यासारखं झालं. “कसं काय व माय?”

“सर, वास येऊ राह्यला! मी नाक नही लावलं, तो आपोआप येऊ राह्यला. पिकेल हाये ते.”

सकाळी सरांनी घरातलं हाताला लागलं ते केळं उचललं होतं. दिवसभर डबा बंद, ऑक्टोबरचं ऊन. केळीच्या गावात जन्म गेलेल्या माणसाला वासच येत नव्हता. मलाही आला नव्हता, म्हणजे मीही आता याच गावची झाले होते. पोरांनी “सर चढा, सर चढा” असा गिल्ला केला. सर दोन पावलं मागे सरकले. “चढीन म्हनलं, आजच चढीन असं म्हनलं नही. वर्ष संपाच्या आत चढतो. शब्द हाये माहा.”

नसीमने मान डोलावली. तिला शब्द पुरेसा होता.

डिसेंबरात स्नेहसंमेलन. सूत्रसंचालन करणाऱ्या पोराचा घसा ऐन दुपारी बसला. पाहुणे येऊन बसलेले. मी सरांना म्हटलं, “आता तुम्हीच घ्या माइक. शब्दही पुरा होईल.” सरांनी माइक हातात घेतला, नखाने टक टक केलं, तोंडापर्यंत नेला आणि तसाच खाली घेतला. त्यांनी माइक माझ्या हातात कोंबला. “ताई, तुमी करा. मी खालून सांगतो.” मी चढले. पुढचे दोन तास ते पायरीशी उकिडवे बसून एकेक वाक्य पुरवत होते आणि मी ते म्हणत होते. लोकांनी माझं फार कौतुक केलं.

कार्यक्रम संपल्यावर वायरी गुंडाळताना ते आपणहून बोलले. नोकरीचं पहिलं वर्ष होतं, पंधरा ऑगस्ट. तेव्हाच्या हेडमास्तरांनी नव्या मास्तरला भाषणाला उभं केलं. समोर सगळं गाव, पहिल्या रांगेत वडील. “तोंड उघडलं ताई, अन् काहीच नही. बंद केलं. मंग उघडलं. पान्यातून काढेल मासा पाह्यला हाये का, तसं. पोरं हसले. मंग लोकं हसले. मंग बाबा खाली मान घालून उठून गेले. मी उतरलो तो आजपावतर चढलो नही.” वायरीचा वेढा त्यांनी खांद्यावर टाकला. “तव्हाच ठरवलं. पोरं लहान हायेत तवरच यायले चढवाचं. हसले तरी मायबाप उठून जात नही या वयात.”

घरी गेल्यावर नवऱ्याला मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, “तुमना गावना लोके बठ्ठा येडा शेतस.” सगळेच वेडे! आणि मग मला रडू आलं.

जानेवारी गेला, दहावीचा निरोप झाला. सर दहावीच्या निरोपाला दरवर्षी रडतात, त्या वर्षीही रडले, पण खालीच. भारंबे मॅडमनी त्यांच्यासाठीही एप्रिलमध्ये समारंभ करू म्हटलं, म्हणजे मुलं तरी असतील. सरांनी ऐकलं नाही. “मी अजून कामावर हाये मॅडम. नोकरीत असताना निरोप घेनं बरं दिसत नही.” मॅडम म्हणाल्या, हट्टी माणूस आहे. मला मात्र माहीत होतं की समारंभ म्हटला की सत्काराला उत्तर द्यावं लागतं.

एप्रिलमध्ये शेवटचा पेपर संपला. सगळी शाळा मैदानात बसली. सर पायरीशी उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, “कोन ऱ्हायलं?” एकच हात वर आला. नसीम हात वर करून बसली होती आणि सरांकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, वाट पाहत असल्यासारखी होती. सर खाली वाकले आणि त्यांनी मशीनचं बटण बंद केलं. तिने हळूहळू हात खाली घेतला. पोरं घरी गेली, सुट्टी लागली. मला त्या दिवशी सरांचा राग आला आणि दयाही, दोन्ही एकदम.

मेअखेरचा निरोप ऑफिसात झाला. बाहेर असं ऊन की सायकलच्या सीटला हात लावता येऊ नये. अर्धा स्टाफ गावोगावी लग्नांना. शाल, श्रीफळ, मॅडमचे चार शब्द. सरांनी हात जोडले आणि ‘सगळ्यांचे आभार’ एवढंच म्हणाले, तेही खुर्चीतूनच. एक मूल नव्हतं. ज्याने आयुष्यभर कुणाला मागे राहू दिलं नाही, तो असा पंख्याच्या घरघरीत निवृत्त झाला. मॅडमनी मशीनच्या कपाटाची किल्ली मागितली, कारण पुढच्या वर्षी उपक्रम माझ्या गळ्यात पडायचे होते. सर खिसे चाचपून म्हणाले, “घरी ऱ्हायली. आनून देतो.”

ते निघाले तेव्हा मी खिडकीतून पाहत होते. मैदान भट्टीसारखं तापलेलं, चिटपाखरू नाही. सर ओट्यापाशी गेले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. त्यांनी पाय काढून घेतला आणि स्कूटर सुरू केली.

नंतर मी त्यांना फोनवर रागावले. “कुणी नव्हतं, तेव्हा तरी चढायचं होतं!”

“रिकाम्या ओट्यावर चढून काय करू ताई? नसीमने कुठी पाह्यलं असतं?”

जूनमध्ये शाळा उघडली. गोडी शेव मी आणली होती. मशीनचं कपाट बंद, किल्लीचा पत्ता नाही. परिपाठाची घंटा झाली तरी मी कुलपाशीच झटापट करत होते, तेवढ्यात फाटकातून स्कूटर आत आली. सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. त्यांनी खिशातून किल्ली काढली, मशीन बाहेर आणलं, वायरी जोडल्या, माइकवर नखाने टक टक केलं. हे सगळं ते अगदी नेहमीसारखं करत होते, म्हणून मी आपली पोरांना रांगेत लावायला गेले. सुट्टीतले वाढदिवस. लहान पुढे, उंच मागे. परत वळून पाहते तर रांगेच्या अगदी शेवटी, दहावीच्या ताडमाड पोराच्या मागे, सर उभे.

नसीम त्या रांगेत नव्हती. ती मैदानातच आपल्या वर्गाच्या ओळीत बसली होती. ती उठून उभी राहिली.

एकेक पोर चढलं, उतरलं. मग सर चढले. पहिली पायरी, दुसरी, वर. माइकसमोर उभे राहिले आणि तोंड उघडलं. काही नाही. तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. मला वाटलं आता कुणीतरी हसेल, एवढंसं जरी हसलं तरी हा माणूस पुन्हा कधी या फाटकातून आत येणार नाही. मशीन हातभर लांब होतं आणि शिट्टी मारत नव्हतं.

मैदानाच्या त्या टोकावरून नसीमचा आवाज आला. “सर! नाव सांगा, गाव सांगा, उतरा!”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. “त्र्यंबक नारायण चौधरी,” ते म्हणाले. आवाज चिरका निघाला. “गाव हेच.” मग जरा थांबले आणि म्हणाले, “तारीख खोटी हाये.”

पोरं हसली. सरही हसले. टाळ्या पडल्या, इतर कुणाला पडल्या असत्या तेवढ्याच, कारण पोरांना तसंच शिकवलेलं होतं. सर उतरतात न उतरतात तोच नसीम धावत आली, दोन पायऱ्या एकदम चढली आणि माइक धरून म्हणाली, “नसीम सुभान तडवी. गाव वरचा पाडा. तारीख माही बी खोटी हाये.” तिला माइकची काही गरज नव्हती, कर्णा फाटतो की काय असं वाटलं.

मी शेव वाटली. सरांनी पोरांसारखेच दोन्ही हात पुढे केले. शेव खाऊन झाली, हात रुमालाला पुसले, मशीन उचलून कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

“घ्या ताई,” ते म्हणाले. “आता झालो निवृत्त.”